पेंटरमामांचं अक्षर

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असा मेसेज ग्रुपवर आला आणि सगळ्यांनी आपापले सर वाटून घेतले, कुणी गणिताचे घेतले, कुणी पीटीचे, मराठीच्या बाईंवर तर तिघं लिहितायत. मी ज्यांच्यावर लिहिणार आहे ते शाळेच्या मस्टरवर कधीच नव्हते. पगार नाही, तास नाही, स्टाफरूममध्ये खुर्ची नाही. पण आपल्या शाळेच्या भिंतींवर सगळ्यात जास्त अक्षर कुणाचं असेल तर ते पेंटरमामांचं. गेल्या पावसाळ्यात मामा गेले. ऐंशी पार केली होती, तसं आजारी वगैरे फार नव्हते, पण ब्रश धरायला हात थरथरायला लागला तेव्हापासून माणूस आतून थोडा गप्प झाला होता असं त्यांचा मुलगा म्हणाला.

नव्या पोरांना सांगायला हवं म्हणून सांगतो. आपल्या कोल्हापुरात पेंटर म्हणजे नुसता धंदा नाही, तो मान आहे. बाबूराव मेस्त्रींना सगळा महाराष्ट्र बाबूराव पेंटर म्हणूनच ओळखतो. ते आणि त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव, दोघांनी आधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, नंतर सिनेमाच्या नादाला लागले, आनंदराव 1916 लाच गेले पण बाबूरावांनी कॅमेरा स्वतः बनवला आणि 1920 साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्याच्याही आधी इथं आबालाल रहिमान होऊन गेले, शाहू महाराजांच्या पदरचे चित्रकार, रंकाळ्याच्या काठावर बसून रंगवणारे. अशा गावात बोर्ड रंगवून पोट भरणाऱ्या माणसाची कोण दखल घेणार? पण मामांना त्याचं काही वाटायचं नाही. ते म्हणायचे, "आबालाल आबालाल हाईत, आपण आपलं बोर्ड करायचं. पर बोर्ड असा करायचा की आबालाल रस्त्यानं गेलं तर त्यास्नी लाज वाटू नये." आबालाल 1931 लाच वारलेत हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, तरी प्रत्येक बोर्डाच्या वेळी आबालाल रस्त्यानं जाणारच असायचे.

मी सातवीत असताना, म्हणजे 1984 च्या आसपास, विज्ञान प्रयोगशाळेच्या दारावरचं नाव नव्यानं लिहायचं काम त्यांच्याकडं आलं होतं. मधल्या सुट्टीत आम्ही डबे घेऊन तिथंच जाऊन बसायचो. आधी त्यांनी जुना रंग पॉलिश पेपरनं घासून काढला, मग पांढऱ्याचे दोन हात मारले आणि चक्क दोन दिवस ते काही आलेच नाहीत. हेडसर चिडले. मामा तिसऱ्या दिवशी आले, भिंतीला हाताची पाठ लावून बघितली आणि म्हणाले आता वाळलंय. मग रंगीत खडूच्या भुकटीतनं ओढून काढलेला दोरा दोन्ही टोकांना धरायला आम्हाला उभं केलं, मधे दोरा चिमटीत धरून टण्णकन सोडला की भिंतीवर सरळ रेघ. वर एक, खाली एक. आम्हाला वाटलं आता डावीकडनं ‘वि’ सुरू करतील, तर नाही, ते मागं मागं जात पार व्हरांड्याच्या कठड्याला टेकले आणि नुसते बघत बसले, बिडी संपेपर्यंत. नंतर कळलं की ते ओळीचा मध्य शोधत होते. पट्टीनं नाही. मी विचारलं मामा मोजत का नाही, तर म्हणाले, "र ला जागा किती लागती? निम्मी. आणि ळ ला? बक्कळ. मग सारखं मोजून कसं बसंल? अक्षरामधली मोकळी जागा डोळ्यानं वाटायची, पट्टीनं वाटली की बोर्ड दात पडल्यागत दिसतो."

मग शिरोरेषा, मग उभे काने सगळे एकदम, म्हणजे आधी सगळ्या शब्दाचं नुसतं कुंपण उभं केल्यासारखं दिसायचं आणि त्यात गोलाई भरत जायची. डाव्या हातात एक काठी असायची, तिच्या टोकाला कापडाचा बोळा बांधलेला, ती भिंतीला टेकवून त्यावर उजव्या हाताचं मनगट ठेवायचं म्हणजे ओला रंग पुसत नाही आणि हातही हलत नाही. वेलांटी काढताना ते श्वास धरायचे. खरंच धरायचे, आम्ही बघितलंय, वेलांटी खाली उतरून टेकली की मग हुश्श. शेवटी उजव्या बाजूला आणि खाली राखाडी सावली, म्हणजे अक्षर भिंतीतनं दोन बोटं पुढं आल्यासारखं वाटतं. सहावीतल्या एका पोरानं ते खरंच पुढं आलंय का बघायला बोट लावलं आणि सावलीला ठसा उठला. मामा त्याच्यावर ओरडले नाहीत, "व्हय, फसलास न्हवं, म्हणजे जमलंय" म्हणून तेवढं दुरुस्त करून टाकलं.

सावलीची बाजू सगळ्या शाळेत एकच आहे बघा, उजवीकडं आणि खाली. ग्रंथालय, मुलींची खोली, कार्यालय, सगळीकडं. उजेड एकाच बाजूनं येतो तर सावली दोन बाजूला कशी पडंल, असं त्यांचं साधं म्हणणं. खालच्या मजल्यावर नंतर दुसऱ्या कुणीतरी लिहिलेल्या पाट्या आहेत त्यात सावल्या कुठंही पडल्यात, एकदा कळलं की डोळ्याला खुपतातच.

आता पडद्यांबद्दल. गॅदरिंगला आपल्याकडं तीन पडदे होते, राजवाडा, रस्ता आणि जंगल. कुठलंही नाटक असू दे, याच तिन्हीत बसवायचं. जंगलाचा पडदा खराब झाला तेव्हा मामांनी नवा रंगवायचं कबूल केलं, पैसे फक्त कापडाचे आणि रंगाचे घेतले. मांजरपाट शिवून मोठा तुकडा केला, खळ देऊन वाळवला आणि हॉलच्या फरशीवर पसरला. चित्र मात्र एवढंसं, वहीच्या कागदावर. त्या कागदावर चौकोन आखलेले आणि कापडावर तेवढेच मोठे चौकोन, एका चौकोनात जे आहे ते दुसऱ्या चौकोनात उचलून ठेवायचं. सिनेमाची बॅनरं पण अशीच करतात असं त्यांनी सांगितलं, तरुणपणी त्यांनी थिएटरांच्या बॅनरवाल्या वर्कशॉपात काम केलेलं, हिरोच्या एका डोळ्यात माणूस झोपंल एवढा डोळा रंगवायचा आणि शुक्रवारी दुसरा पिच्चर लागला की त्याच फळ्यांवर पांढरा मारून दुसरा डोळा. त्यामुळं आपलं काम पुसलं जातं याचं दुःख वगैरे त्यांना कधी झालेलं मी बघितलं नाही.

आमचं काम सरस, म्हणजे रंग धरून ठेवणारा डिंक, शिजवायचं. स्टोव्हवर डब्यात पाणी, त्यात दुसरा डबा, त्यात सरस. तो वास ज्यानं घेतलाय त्याला आयुष्यात दुसरा कुठलाही वास घाण वाटणार नाही. त्यात पिवळी पेवडी, तांबडी काव, नीळ, काजळी अशा पुड्या कालवायच्या, पावडर जास्त झाली तर वाळल्यावर हाताला लागते आणि सरस जास्त झाला तर पडदा गुंडाळताना रंगाला तडे जातात. मामा बोटानं चाखतात की काय असं वाटायचं, प्रत्यक्षात नखावर एक थेंब वाळवून बघायचे. हिरवा रंग त्यांनी आणलाच नव्हता. जंगल रंगवायचं आणि हिरवा नाही? मग पेवडीत नीळ, थोडी काजळी, कुठं काव, आणि कसले कसले हिरवे निघाले! लांबचं झाड निळसर, जवळचं पिवळं. "पुडीतला हिरवा म्हणजे गणपतीच्या मखराचा हिरवा, झाड तसं नसतंय" हे त्यांचं वाक्य मी अजून घराला रंग देताना सुद्धा बायकोला ऐकवतो, ती वैतागते.

चित्रकलेच्या एलिमेंटरी इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणाऱ्यांना ते सुट्टीच्या दिवशी बोलवायचे, फुकट. आता इंटरमिजिएटच्या ग्रेडला दहावीत वाढीव मार्क मिळतात, ए ला 7, बी ला 5, सी ला 3, म्हणून पालक पोरांना ढकलून बसवतात, आमच्या वेळी ती आशा नव्हती, हौस म्हणून बसायचो. आपल्या ड्रॉइंगच्या सरांना याचा राग येईल असं वाटलं होतं, पण सरच म्हणायचे की भूमिती माझ्याकडं करा आणि अक्षरलेखन आणि स्मरणचित्र मामांकडं. स्मरणचित्राची त्यांची शिकवणी म्हणजे लक्ष्मीपुरीचा रविवारचा बाजार. कागद पेन्सिल न्यायची नाही, हा नियम. नुसतं बघायचं आणि घरी येऊन काढायचं. डोक्यावर बुट्टी असलेल्या बाईची मान कशी असते, ती खाली बघताना मान वाकवते का नुसते डोळे, तराजू धरणारा कुठल्या खांद्याकडं झुकतो, पोतं उचलणाऱ्याचा कुठला पाय पुढं. आम्ही पोरं उगाच भेळ खात हिंडायचो आणि संध्याकाळी ते एकेकाला विचारायचे. सगळ्यांनी बुट्टीवाल्या बाईचे दोन्ही हात वर काढले होते. "सवय असलेली बाई दोन्ही हात लावंल व्हय? एका हातात पोरगं असतंय तिच्या!" पुढच्या रविवारी बघितलं तर खरंच.

खोडरबर मात्र ते दारातच काढून घ्यायचे. त्यावरून आमच्यातल्या काहींचे आईवडील कुरकुरले होते, आणि मला विचाराल तर तेवढं जरा अतीच होतं, घाबरट पोरं रेघच मारायची नाहीत मग.

रविवारी सकाळी लवकर मामा सायकलवर रंकाळ्याला जायचे हे आम्हाला फार उशिरा कळलं. वॉटरकलर करायचे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तळ्यातला दगडी संध्यामठ वर येतो, तो त्यांचा आवडता, आणि पंचगंगेचा घाट. कधी प्रदर्शन नाही, कुठं विकलं नाही, कुणी मागितलं तर देऊन टाकायचे आणि खाली सही पण करायचे नाहीत. सही का नाही विचारलं तर म्हणाले बोर्डावर दुकानदाराचं नाव असतंय, माझं कुठं असतंय, मग इथंच कशाला. मला हे तेव्हा मोठेपणाचं वाटलं होतं, आता राग येतो. कारण चित्रं कुठं कुठं गेली याचा पत्ता नाही आणि ज्यांच्याकडं आहेत त्यांनाही ती कुणाची ते माहीत नाही. घरात कॉटखाली ठेवलेला गठ्ठा ऑगस्ट 2019 च्या महापुरात गेला. नदीकडच्या गल्लीतलं घर, पाणी कमरेएवढं. मी भेटायला गेलो तेव्हा ते गाद्या वाळवत होते. काय बोलावं ते मला सुचेना, तर तेच म्हणाले, "वॉटरकलर हुती, पाण्यानंच नेली. ऑइल असती तर ऱ्हायली असती बघ." आणि हसले. मुलगा हसला नाही.

धंदा त्याच्याआधीच बसला होता. आधी गाड्यांच्या नंबरप्लेटा रेडियमवाल्यांनी नेल्या, मग फ्लेक्स आला आणि दोन चार वर्षात सगळ्या पाट्या गेल्या. मामांचा फ्लेक्सवर राग नव्हता, स्वस्त आहे, एका रात्रीत होतो, लोक घेणारच म्हणायचे. राग होता तो जोडाक्षरांच्या मोडतोडीवर आणि फोटोतली माणसं रुंद करून बसवतात त्यावर. उभा फोटो आडव्या जागेत ताणून बसवलेला दिसला की मामा चौकात थांबून "ह्येला कुणी लाटलाय" असं मोठ्यानं विचारायचे. आणि नशीब बघा, ते गेल्यावर गल्लीतल्या मंडळानं प्रेमानं जो फ्लेक्स लावला त्यात फोटो ताणलेला आणि वर ‘भावपुर्ण श्रद्धांजली’, पु ऱ्हस्व. आम्ही चार पाच जुनी पोरं तिथं उभी होतो, सगळ्यांचं एकदमच लक्ष गेलं, आणि तसल्या प्रसंगात हसू आवरेना. शेवटी एकानं शेजारच्या हार्डवेअरमधनं काळा ऑइल पेंट आणि ब्रश आणला आणि पु चा पू केला. जरा वाकडाच झाला.

आता मुद्द्याचं. महोत्सवाच्या निमित्तानं शाळेला नवा रंग द्यायचं काम मे महिन्यात सुरू होतंय आणि खोल्यांची नावं ॲक्रिलिकच्या पाट्यांवर करायचं ठरलंय असं कळलं. करा, पण प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि कार्यालय या तीन दारांवरची अक्षरं तशीच राहू द्या, त्यांच्या भोवतीनं रंग मारता येतो, कॉन्ट्रॅक्टरला टेप लावायला सांगितलं की झालं. मी हेडबाईंशी फोनवर बोललोय, त्या हो म्हणाल्यात, तरी हे छापून आलेलं बरं. दुसरं, ज्यांच्या घरी रंकाळ्याचं किंवा घाटाचं बिनसहीचं वॉटरकलर असेल त्यांनी मोबाईलवर फोटो काढून शाळेच्या ऑफिसात पाठवा, पाठीमागची बाजू पण काढा, कारण मामा मागं पेन्सिलनं तारीख आणि ‘सकाळ’ किंवा ‘दुपार’ असं लिहायचे, त्यावरून ओळखता येईल. पंचवीसेक तरी मिळाली तर शाहू स्मारकला प्रदर्शन लावायचा विचार आहे.

आणि जंगलाचा पडदा आहे अजून. स्टोअरमध्ये बाकांच्या मागं सापडला, एक कोपरा उंदरांनी खाल्लाय, बाकी शाबूत. मुख्य कार्यक्रमाला स्टेजवर तोच लावायचा असं ठरलंय. लावणाऱ्या पोरांना एवढंच सांगणं, उलगडताना दोन्ही टोकांना माणूस पाहिजे, वरच्या शिवणीतनं बांबू घाला, खिळे मारू नका, आणि कार्यक्रम झाल्यावर घाई असली तरी त्याची घडी घालू नका, गुंडाळूनच ठेवा, रंगाची बाजू बाहेर.