पटकथेविना शॉर्टफिल्म : माइक ली यांच्या पद्धतीने

शॉर्टफिल्मच्या निधीसाठी अर्ज केला, तर सोबत पटकथा मागितली होती. माझ्याकडे ती नव्हती आणि आधी लिहायचीही नव्हती. ब्रिटिश चित्रपट दिग्दर्शक माइक ली इंग्लंडमधल्या ज्या सॅल्फर्ड शहरात लहानाचे मोठे झाले, तिथेच मी राहतो. फिल्म त्यांच्या पद्धतीनेच, म्हणजे आधी पटकथा न लिहिता नटांसोबत तालमींतून गोष्ट घडवत करायची, हे पक्कं होतं. निधी मिळाला नाही.

त्यांच्या कारकिर्दीतला मोठा खंड मला तेव्हा नीट उमगला. पहिला चित्रपट ‘ब्लीक मोमेंट्स’ १९७१चा. त्यात अल्बर्ट फिनी या नटाच्या कंपनीने पैसे घातले. चित्रपटगृहासाठीचा दुसरा, ‘हाय होप्स’, थेट १९८८चा. मधली १७ वर्षं त्यांना टीव्हीने, मुख्यतः बीबीसीने तगवलं. गोष्ट काय हे आधी सांगणार नाही म्हणणाऱ्याच्या हाती पैसा द्यायला कोण धजावणार? तरी त्यांनी पद्धत सोडली नाही, याचं मला फार अप्रूप आहे.

आम्ही पदरचे पैसे घातले. दोन अभिनेत्री, पात्रं दोन बहिणींची. दोघींना वेगवेगळं भेटून आधी त्यांच्या ओळखीच्या बायकांबद्दल बोलतं केलं, आणि त्या बायकांमधून एकेक पात्र घडवत गेलो. शाळा, पहिली नोकरी, कुणाशी अबोला, कुणाचं देणं. नियम दोनच, पण कडक : पात्राबद्दल बोलताना ‘मी’ नाही, ‘ती’ म्हणायचं, आणि आपल्या पात्राला जे माहीत नाही ते अभिनेत्रीलाही कळू द्यायचं नाही. ली यांच्या ‘व्हेरा ड्रेक’च्या (२००४) तालमींत घरच्यांचं काम करणाऱ्या नटांना व्हेरा इतर बायकांचे चोरून गर्भपात करून देते याचा पत्ताच नव्हता, पोलीस दारात आले तेव्हा त्यांना कळलं.

आमच्या थोरलीने आईचं घर परस्पर विकलं होतं. धाकटीला ते उत्स्फूर्त प्रसंग करतानाच कळलं. ती आधी चिडलीच नाही. चहाचे कप विसळत राहिली आणि मग विचारलं, “आईचं शिवणयंत्र कुठे ठेवलंस?” हे वाक्य मला टेबलाशी बसून सुचलं नसतं.

पण तो प्रसंग तासाहून अधिक चालला होता, आणि त्यात पसारा भरपूर. खरी मेहनत पुढे होती. त्याच स्वयंपाकघरात पुन्हापुन्हा तालमी करून त्याची चार मिनिटं केली, एकेक शब्द पक्का केला. ली यांचे नट कॅमेऱ्यासमोर मनाला येईल ते बोलतात, असं बरेच जण समजतात, तसं नसतं. कॅमेरा सुरू होईपर्यंत सगळं बांधून झालेलं असतं.

शूटिंग मात्र झरझर उरकलं. संवाद आठवायला कुणीही थांबलं नाही.