डूलॉकच्या रस्त्यावर

काल आयर्लंडच्या मेयो काउंटीत गेलो होतो. वेस्टपोर्टहून निघालो. डाव्या हाताला ७६४ मीटर उंचीचा क्रोग पॅट्रिक डोंगर ढगात डोकं खुपसून बसलेला. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो भाविक तो चढतात, काहीजण अनवाणी. पायथ्याला मरिस्क गावात दुष्काळाचं राष्ट्रीय स्मारक आहे: ब्राँझचं जहाज, आणि त्याच्या दोरखंडांच्या जागी माणसांचे सांगाडे. तिथे फोटो काढावासाच वाटला नाही.

लुइसबर्गमध्ये चहा घेतला आणि डूलॉकच्या खोऱ्यात शिरलो. दोन्हीकडे डोंगर, मध्ये काळंशार तळं, मेंढ्यांशिवाय कुणी नाही. त्याच दुष्काळात, मार्च १८४९ मध्ये, उपाशी माणसं याच वाटेने रात्रभर चालली. लुइसबर्गला दुष्काळी मदतीच्या तपासणीसाठी जमलेल्या त्या लोकांना सांगण्यात आलं होतं, की सकाळी सातला डेल्फी लॉज या शिकारीच्या बंगल्यावर हजर राहा, नाहीतर मदत बंद. अंतर जवळजवळ १९ किलोमीटर, तेही पावसाथंडीत. तिथेही हाती काहीच पडलं नाही. परतताना कित्येकजण वाटेतच गेले.

रस्त्याच्या कडेला एक साधा दगडी क्रूस उभा आहे. त्यावर गांधीजींचे शब्द: इतरांच्या अपमानात माणसाला स्वतःचा सन्मान कसा वाटू शकतो? घरापासून इतक्या दूर, या ओसाड खोऱ्यात बापू भेटतील असं स्वप्नातही नव्हतं. वाचता वाचता डोळे भरून आले. बायको काही बोलली नाही, नुसता हात धरला.

पुढे लीनानपर्यंत गाडीत रेडिओ लावला नाही.