म्हाताऱ्या कुत्र्याचे खुबे दुखायला लागले तेव्हा आम्ही काय काय केलं – माझा अनुभव

आमचा बंड्या लॅब्राडोर, वय वर्षं ११. आम्ही गोव्यात डिचोलीला राहतो, घर जुनं, बाहेर चिऱ्याच्या पायऱ्या आणि आत नंतर घातलेल्या गुळगुळीत टाईल्स. हे आधीच सांगतेय कारण पुढे या टाईल्सचा विषय बराच येणार आहे.

पाऊस सुरू व्हायच्या आधीपासून तो सकाळी उठायला वेळ लावायला लागला. आधी पुढच्या पायांवर जोर द्यायचा, मग मागचं अंग कसंबसं वर ओढायचा, थोडी पावलं ताठ चालायचा आणि मग जरा मोकळा व्हायचा. धावताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलायचा. सोप्यावर चढणं बंद. रात्री गरम होत नसताना पण धापा टाकत बसायचा, आणि मांड्या हाताला बारीक लागायला लागल्या होत्या. पण ओरडला मात्र एकदाही नाही, कण्हला पण नाही, शेपटी हलतेय, जेवण पूर्ण, त्यामुळे घरी येणारा प्रत्येक जण म्हणायचा, वय झालं गो त्याचं, चालायचंच. मला हे वाक्य ऐकलं की आजही राग येतो. वय झालं हे खरं, पण दुखतंय हेही खरंच ना, आणि दुखण्यावर उपाय असतात. कुत्री असं जुनं दुखणं आतल्या आत सोसतात, ओरडत नाहीत, म्हणून त्याचं उठणं-बसणंच बघावं लागतं.

डॉक्टरकडे जायच्या आधी एक गोष्ट नक्की करा, घरी मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, झोपेतून उठतानाचा, पायरी चढतानाचा, आणि मागून चालतानाचा. कारण दवाखान्यात गेलं की नवीन वास, इतर कुत्री, या सगळ्यात हे लोक इतके तरतरीत होतात की लंगडणं दिसतच नाही. आमच्या डॉक्टरांनी ते व्हिडिओ दोन-तीनदा थांबवून थांबवून बघितले.

पहिल्यांदा त्यांनी रक्त तपासलं. मला वाटलं होतं थेट एक्सरे काढतील, पण ते म्हणाले, आपल्याकडे गोचीड इतके आहेत की गोचीडतापाने सुद्धा सांधे सुजतात आणि कुत्रा लंगडतो, ते आधी बाजूला काढू. शिवाय दुखण्याच्या गोळ्या सुरू करायच्या तर लिव्हर-किडनी कशी आहे ते माहीत हवं. पाठीच्या मणक्याचं काही नाही ना हेही बघितलं, मागचा पंजा उलटा करून जमिनीवर टेकवायचा आणि तो लगेच सरळ करतो का बघायचं. बंड्याने लगेच केला. मग एक्सरे, गुंगीचं औषध देऊन, कारण उताणं झोपवून मागचे पाय सरळ ताणावे लागतात आणि दुखऱ्या कुत्र्याला ते जागेपणी सहन होत नाही.

एक्सरेत खुब्याची वाटी उथळ आणि त्यातला गोळा चपटा झालेला, कडेला हाडाचे काटे वाढलेले. म्हणजे लहानपणापासूनच सांधा सैल असणार, लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्डमध्ये हे बरंच असतं, आणि तो सैल सांधा वर्षानुवर्षं घासून आता संधिवात. झिजलेली कूर्चा परत येत नाही, पण दुखणं बरंच कमी करता येतं हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ऑपरेशनबद्दल बोलणं झालं, त्याचं वय आणि दुसराही खुबा तसाच असल्यामुळे आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

गोळी सुरू झाली कुत्र्यांसाठीची, सूज आणि दुखणं कमी करणारी, जेवणानंतरच द्यायची. उलटी झाली, जेवण सोडलं किंवा शी काळी डांबरासारखी झाली तर गोळी तिथेच थांबवून फोन करायचा. ही गोळी चालू असताना स्टिरॉईड अजिबात नाही, दोन्ही एकत्र पोटात गेलं तर अल्सर होऊ शकतो. आणि घरातल्या माणसांच्या गोळ्या तर कधीच नाहीत, कृपा करून हे घरात सगळ्यांना सांगा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल, आपल्याला साध्या वाटणाऱ्या या गोळ्यांनी कुत्र्याची किडनी, लिव्हर, आतडी खराब होऊ शकतात. डायक्लोफेनॅकवर तर २००६ पासून जनावरांसाठी बंदीच आहे, ते औषध दिलेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडं मेली म्हणून. गुडघ्याला लावायची ट्यूब पण नको, कुत्रा ती चाटणारच.

शेजारचे काका रोज सांगायचे, थोडी फेणी चोळ गो, माझा गुडघा तिनेच उतरतो. त्यांचा जीव आहे बंड्यावर, वाईट हेतू नव्हताच. पण मी त्यांना बसवून सांगितलं की काका, तो चाटेल आणि दारू कुत्र्याला विष आहे. त्याऐवजी शेक द्यायला शिकवलं. कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल खुब्यावर ठेवायचा, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायचा. आता संध्याकाळी शेक द्यायला काकाच येतात.

आता खरी गोष्ट, वजन. बंड्या ४१ किलो होता. डॉक्टर म्हणाले, गोळीपेक्षा जास्त फरक यानेच पडेल. त्यांनी मला ४८ लॅब्राडोरवर जन्मभर केलेल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं, एकाच वेतातली पिल्लं जोडीजोडीने घेतली, एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं, तर कमी खाणारी सरासरी १३ वर्षं जगली आणि दुसरी ११ वर्षं आणि थोडं, शिवाय सांध्यांचं दुखणं पण त्यांच्यात बरंच उशिरा आलं. हे ऐकून मी घरी आल्यावर पहिल्यांदा पोदेरचा, म्हणजे पाववाल्याचा, विषय काढला. सकाळी पोदेर सायकलवर भोंगा वाजवत आला की बंड्या फाटकावर हजर, एक पोई (कोंड्याचा पाव) आईकडून, एक उंडा (गोल पाव) शेजारच्यांकडून, आणि पोदेर स्वतः जाता जाता एक टाकणार. दुपारी आईच्या ताटातला भात. सगळं प्रेमच, पण त्या खुब्यांवर येणारं.

आईला हे पटवणं सोपं नव्हतं. म्हातारा जीव, त्याला उपाशी ठेवणार का, असं तिचं. मी तिचा हात धरून त्याच्या बरगड्यांवर ठेवला. डॉक्टरांनी शिकवलेली युक्ती अशी, आपली मूठ वळून बोटांच्या उंचवट्यांवरून दुसऱ्या हाताचं बोट फिरवायचं, बरगड्या तशा लागल्या तर कुत्रा बारीक, हात उघडा धरून त्याची मागची बाजू लागते तशा लागल्या तर बरोबर, आणि तळहातासारखं गुबगुबीत लागलं तर जाड. बंड्याच्या बरगड्या शोधाव्या लागत होत्या. आई काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून पोईऐवजी उकडलेली दुधी आणि काकडीचे तुकडे तिनेच ठेवायला सुरुवात केली.

जेवण काट्यावर मोजून, आणि आठवड्याला वजनाच्या एक-दोन टक्क्यांपेक्षा जास्त घट करायची नाही. नुस्तं, म्हणजे मासे, मात्र चालू ठेवलं. तारली प्रेशर कुकरमध्ये बिनमिठाची इतकी शिजवायची की काटे बोटाने चुरडतील, त्यात ओमेगा-३ असतं जे सुजेवर खरंच काम करतं, फक्त तेवढं जेवण कमी करायचं. खारवलेलं सुकं नुस्तं नाही, आणि कांदा घातलेलं काहीही नाही. आता ३४ किलोवर आलाय.

टाईल्सवर पाय फाकायचे आणि सगळा ताण खुब्यावर यायचा. घरभर रबरी मॅट टाकल्या, झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत, तिथून दारापर्यंत, मध्ये गॅप न ठेवता, कारण हातभर जागा सुटली तरी तो तिथेच घसरायचा. घर दिसायला कसंतरी दिसतं, दिसू दे. पंजाच्या गाद्यांमधले केस कापले, नखं वेळच्या वेळी. पावसात आत आला की आधी पाय कोरडे. पायऱ्यांवर सुताराकडून प्लायचा उतार करून घेतला, त्यावर काथ्याची चटई ठोकलेली, त्याने फार आराम पडला.

फिरणं बंद करायचं नाही हे मला नवीन होतं. एकदाच लांब नेण्यापेक्षा दिवसातून अनेकदा थोडं थोडं, पट्ट्याने, हळू. चेंडू फेकणं बंद, त्या अचानक वळण्याने सांधा मुरडतो. थंडीत समुद्र शांत असताना सकाळी नेतो, ओल्या घट्ट वाळूवर, कोरड्या मऊ वाळूत पाय रुततो आणि जोर जास्त लागतो. पाणी त्याच्या कमरेपर्यंत आलं की सांध्यावरचं वजन निम्म्याहून कमी होतं, तेवढ्यातच चालवायचं, नंतर गोड्या पाण्याने धुवून कान पुसायचे. पावसात समुद्राचं नावही नाही.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री एक खूण करते, चांगला दिवस, मधला, वाईट. हे डॉक्टरांना फार उपयोगी पडलं. पावसात वाईट खुणा लागोपाठ दिसल्या म्हणून त्यांनी रात्रीसाठी गॅबापेंटिन हे दुखण्यावरचं आणखी एक औषध जोडलं, पहिले काही दिवस झोपाळला, मग ठीक. ते गोळ्यांचंच घेतलं, कारण माणसांच्या काही सिरपमध्ये गोडीसाठी झायलिटॉल घातलेलं असतं आणि ते कुत्र्याला चालत नाही. आणि गॅबापेंटिन एकदम बंद करायचं नाही, हळूहळू उतरवायचं.

चतुर्थीला मूळ घरी गेलो तेव्हा त्याची मॅट, गोळ्या आणि एक जुनी बेडशीट बरोबर नेली. तिथल्या पायऱ्या उंच आहेत, बेडशीटची घडी पोटाखालून मागच्या पायांच्या पुढे घेऊन दोन्ही टोकं वर धरली की अर्धं वजन आपल्या हातात येतं आणि तो स्वतःच्या पायांनी चढतो. भाचरांना एकच सांगितलं, झोपलेला असेल तर मागून हात लावायचा नाही, आधी हाक मारायची. पाचही दिवस तो माटोळीखाली (गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगतात ती) मॅटवर पसरून होता, आरतीला उठून उभा राहायचा. कॅलेंडरवर त्या आठवड्यात एकच मधला दिवस आहे, बाकी चांगले. पुढचं रक्त तपासायचं आहे दिवाळीच्या आधी, लिव्हर-किडनीचे आकडे बरे आले तर हेच डोस पुढे चालू.