महिन्याचे शंभर रुपये म्हणजे चाळीस हजार

दरमहा शंभर रुपयांचा एखादा खर्च घरात कायमचा बसला, की त्याच्यामागे चाळीस हजारांची पुंजी उभी करावी लागते. मला आर्थिक स्वातंत्र्याचा, म्हणजे पगार थांबला तरी पुंजीवर घर चालण्याचा, विषय खऱ्या अर्थानं कळला तो या एका हिशोबामुळे, म्हणून आधी तोच सांगते.

१९९४ मध्ये विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकी आर्थिक सल्लागारानं तिथल्या शेअर आणि रोख्यांचे जुने आकडे तपासले. निवृत्तीच्या पहिल्या वर्षी पुंजीतले साधारण ४ टक्के काढायचे, पुढे महागाईप्रमाणे ती रक्कम वाढवत न्यायची, तर पैसे निदान ३० वर्षं पुरतात, असं त्यानं मांडलं. म्हणजे वर्षखर्चाच्या २५ पट पैसे हाताशी असले की झालं. पण तो हिशोब त्यांच्या देशाचा. आपल्याकडे महागाई जास्त, शिवाय आम्हाला ३० वर्षांहून पुढचाही विचार करायचा आहे. म्हणून मी ३ टक्केच धरते. वर्षखर्चाच्या ३३ पट, सोपं करून महिन्याच्या खर्चाच्या ४०० पट.

आमचा महिन्याचा खर्च ४१ हजार होता, तेव्हा लागणारी पुंजी होती १ कोटी ६४ लाख. आज तो ३२ हजारांवर आला आहे आणि पुंजीचा आकडा १ कोटी २८ लाख झाला आहे. नऊ हजार कमी केले आणि डोंगर ३६ लाखांनी खाली आला. वर ते नऊ हजार दरमहा गुंतवले आणि वार्षिक १० टक्के परतावा धरला, तर १२ वर्षांत २५ लाखांच्या आसपास जमतात. पगार वाढला तर फक्त जमा वाढते. खर्च कमी झाला तर जमा वाढते आणि गरजही घटते. मी कुपवाडच्या एका कारखान्यात हिशोब लिहिते, रोज नफा-तोटा बघते, तरी घराच्या बाबतीत हे इतकं लखलखीत कुणी सांगितलं नव्हतं. (महागाई ६ टक्के धरली तर खर्च १२ वर्षांत दुप्पट होतो, म्हणून दर एप्रिलमध्ये हा आकडा मी नव्यानं मांडते.)

घरात आम्ही पाच माणसं. सासूबाई, आम्ही दोघं, दोन मुलं. घर सांगलीच्या गावभागात, स्वतःचं, जुनं. नवरा मिरज एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे.

खर्च कमी करायचा म्हणजे पोटाला चिमटा काढायचा, असं बहुतेकांना वाटतं. आमच्याकडे उलट झालं. खाणं सुधारलं. कारण सासूबाईंनी बेगमी पुन्हा सुरू केली. मधल्या काळात आम्ही सगळं पाकिटातून आणत होतो, आठवड्याला थोडं थोडं. आता शाळू निघाला की जतकडचं एक पोतं घरी येतं. उन्हात दोन दिवस चांगलं तापवायचं, गार होऊ द्यायचं आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून कोठीत भरायचं. गरम धान्य तसंच भरलं तर आत वाफ धरते आणि पोरकिडे होतात, हे त्या दरवर्षी बजावतात. कोठ्या पूर्वी खालच्या खोलीत असायच्या. २०१९ च्या महापुरानंतर त्या माळ्यावर गेल्या. डाळी मात्र आम्ही वर्षाच्या भरत नाही, तीन महिन्यांच्याच आणतो.

खरा सोहळा असतो तो चटणीचा. आमच्याकडे कांदा-लसूण मसाल्याला चटणीच म्हणतात. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. मिरची गच्चीवर एवढी वाळवायची की मुठीत धरली तर कुरकुरली पाहिजे. मग देठ काढायचे. धणे, जिरे, तीळ, सुकं खोबरं, गरम मसाला, एकेक जिन्नस वेगवेगळा भाजायचा, कारण प्रत्येकाला आच वेगळी लागते. तीळ तडतडायला लागले की लगेच उतरवायचे. कांदा उभा चिरून, वाळवून, तेलात तांबूस तळायचा. लसूण सोललेला तयार ठेवायचा. सगळं घेऊन कांडपावर जायचं आणि समोर उभं राहून कुटून घ्यायचं. घरी आणल्यावर चटणी पसरून पूर्ण निवू द्यायची, मग चिनी मातीच्या बरणीत दाबून भरायची आणि वर हिंगाचे खडे ठेवून दादरा बांधायचा. वर्षभर वास जात नाही. पाकिटाच्या मानानं किलोमागे दोन-अडीचशे रुपये वाचतात. पण त्याहून मोठी बचत वेगळी आहे. बरणी भरलेली असली की संध्याकाळी थकून आलं तरी पिठलं, आमटी, झुणका अर्ध्या तासात होतो आणि बाहेरून मागवायची वेळ येत नाही. आमचा सगळ्यात मोठा कमी झालेला खर्च म्हणजे हे बाहेरून मागवणं. महिन्याला साडेतीन हजारांच्या घरात जायचा. आता हजाराच्या आत आहे, आणि तोही आवडीनं केलेला.

हळदीचंही तेच. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जगात नाव असलेल्या पेठेत राहून आम्ही छोट्या पुड्या विकत आणत होतो. आता गणपती पेठेतून हळकुंडं आणतो आणि दळून घेतो. रंग बघूनच मन भरतं.

विजेचं गणित मात्र मला स्वतःला बसून सोडवावं लागलं. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांना एक दर आणि १०१ ते ३०० ला त्याच्या जवळपास दुप्पट दर आहे. म्हणजे वापर शंभराच्या वर असेल, तर आपण वाचवतो तो युनिट वरचा, महागडा असतो, दहा रुपयांच्या वरचा. जुना पंखा ७५ वॅट घेतो, कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. रोज १४ तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला १८-१९ युनिट वाचतात. तीन पंखे बदलले. उन्हाळा आणि पावसाळा धरून वर्षाला साडेचार हजारांच्या आसपास वाचतात, पंख्यांचे पैसे दोन वर्षांत फिटले. ३३ पटीनं बघा, जवळपास दीड लाखांची पुंजी उभारायची गरजच संपली. टीव्हीचं बटण बंद करून फार काही हाती लागत नाही. पंखा, गीझर आणि फ्रीज यांच्याकडे बघा.

पेट्रोलवर फार लिहीत नाही. दोन गाड्यांची एक केली, कुपवाडला मी मैत्रिणीबरोबर जाते आणि पेट्रोल निम्मं निम्मं करतो. माहेर विट्याला आहे. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून एसटीनंच जाते.

लग्नसराईतला आहेर ही आपल्याकडची अवघड जागा. तिथं आम्ही वर्षाची रक्कम ठरवून वेगळी ठेवतो आणि जवळच्या माणसाला त्यातून हात आखडता न घेता देतो. बाकीच्यांना पाकीट. लोक काय म्हणतील याची मला भीती वाटायची तेवढं कुणी काही म्हणालं नाही. घरपट्टी, पाणीपट्टी, मुलांची फी, दिवाळी, विमा हे वर्षातून एकदा येणारे खर्चही बाराने भागून ३२ हजारांत धरलेले आहेत. ते बाहेर ठेवले तर आकडा छान दिसतो, पण खोटा असतो.

काही गोष्टींना मी हात लावू देत नाही. आरोग्य विमा त्यातला पहिला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. तो फायदा आम्ही खिशात घातला नाही, विम्याची रक्कम वाढवून घेतली. मुलांचं दूध आणि फळं दुसरी. तिसरी नगर वाचनालयाची वर्गणी. १८६९ सालची ही संस्था, २०१९ च्या पुरात तिची पुस्तकं मोठ्या संख्येनं भिजून गेली. अशा ठिकाणची वर्गणी वाचवून मिळालेलं स्वातंत्र्य मला नको आहे.

आता सर्वांत महत्त्वाचं. घरातला एक मोठा खर्च स्वयंपाकघरात नसतो, तो दिसतही नाही. म्युच्युअल फंडाचे डायरेक्ट प्लॅन, म्हणजे मध्ये वितरक न घेता थेट फंडाकडून घ्यायचे, जानेवारी २०१३ पासून मिळतात. रेग्युलर प्लॅनमध्ये वितरकाचं कमिशन आपल्याच पैशातून रोज थोडं थोडं कापलं जातं. फरक १ टक्का धरला तर १५ लाखांवर वर्षाला १५ हजार. चटणी, हळद आणि पंखे मिळून एवढे वाचत नाहीत. आम्ही नवीन एसआयपी (दरमहा ठरलेली गुंतवणूक) डायरेक्टमध्ये वळवली आणि जुने युनिट टप्प्याटप्प्यानं हलवतो आहोत, कारण इक्विटी, म्हणजे शेअरच्या, फंडात वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घकालीन नफ्यावर कर नाही, त्याहून जास्तीच्या नफ्यावर १२.५ टक्के आहे. ज्यांना स्वतः निवड करणं जमत नाही त्यांनी सल्ल्याचे पैसे जरूर द्यावेत, पण किती देतोय ते माहीत असू द्यावं.

आणि दोन टक्के जास्त व्याजाच्या मागे जाऊ नका. माझे सासरे साखर कारखान्यातून निवृत्त झाले, तेव्हा आयुष्याची शिल्लक त्यांनी एका पतसंस्थेत ठेवली. संस्था बुडाली. शेवटपर्यंत ते पावत्यांची पिशवी घेऊन त्या कार्यालयात जात राहिले. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, प्रत्येक ठेवीदारामागे त्या बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. फेब्रुवारी २०२० पूर्वी ते एक लाखच होतं. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. हे वाक्य मी भेटेल त्या प्रत्येक निवृत्त माणसाला सांगते. आमची सुरक्षित बाजू पीपीएफमध्ये आणि दोन बँकांत विभागून ठेवलेली आहे. सासूबाईंच्या नावानं पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. तिचं व्याज दर तीन महिन्यांनी येतं, ते त्यांचं त्या खर्च करतात, आम्ही विचारत नाही.

एकदा चटणी भरताना मी त्यांना विचारलं, "आई, पूर्वी एवढी बेगमी कशासाठी करायचात? दुकानं तर होतीच की."

"अगं, घरात वर्षाचं असलं की कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही," त्या म्हणाल्या. "मालकानं कामावरून काढलं तरी पोरं जेवतात."

आम्हालाही नोकऱ्या सोडून बसायचं नाही. पुंजीचं निम्म्याहून थोडं जास्त अंतर पार झालं आहे, बाकी आहे. पण नवऱ्याला रात्रपाळी सोसत नाही. झोप उडते, पित्त वाढतं, रविवार सगळा आजारपणात जातो. रात्रपाळीच्या भत्त्याचे चार हजार मिळतात म्हणून तो वर्षानुवर्षं करत आला. या पावसाळ्यात आम्ही दोघांनी वही उघडली. घर ३२ हजारांत चालतं, भत्ता गेला तर पूर्ण आकड्याला दीड-दोन वर्षं उशीर होईल, बाकी काही बिघडत नाही. त्यानं दुसऱ्या दिवशी सुपरवायझरला सांगितलं की यापुढे फक्त दिवसपाळी. थोडी कुरकुर झाली आणि मान्य झालं. मागच्या महिन्याच्या पगारात तो भत्ता नव्हता. एसआयपी ठरल्या तारखेला गेली.