पहिलारू गाय, मशीनची धार आणि बासरी

पहिल्या वेताची गाय दूध काढायच्या मशीनवर घेणं हे गोठ्यातलं सगळ्यात नाजूक काम. आमच्या संगमनेर भागात एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गायी खूप, त्यामुळे अनेकांना हे ठाऊक असेल. मशीनचा पंप सुरू झाला की ती अंग आक्रसते, सडांना कप लावायला गेलं की लाथ येते, आणि लाथ परवडली पण पान्हा चोरणं, म्हणजे दूध रोखून धरणं, नको.

आमच्या गौरीनं तेच सुरू केलं. डॉक्टरांनी नीट समजावलं. कास धुताना-चोळताना गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, मिनिटभरात पान्हा येतो आणि त्याचा जोर जेमतेम पाच-सात मिनिटं टिकतो. गाय बिचकली की अ‍ॅड्रेनलिन आड येतं, दूध कासेतच अडकतं आणि कासदाहाला, म्हणजे कासेच्या सुजेला, वाट मिळते. काहींनी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन सुचवलं. रोज सुई टोचून दूध काढणं मला मान्य नव्हतं.

इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठाचा २००१ सालचा प्रयोग मी वाचला होता. हजारभर गायींना नऊ आठवडे संगीत ऐकवलं, तेव्हा संथ संगीतावर गाईमागे दिवसाला ०.७३ लिटर, म्हणजे सुमारे तीन टक्के दूध जास्त मिळालं. जलद संगीतानं तसं झालं नाही. म्हणून आम्ही संथ बासरी निवडली. आधी रेडिओ लावून पाहिला होता, पण भक्तिगीतांच्या मध्येच जाहिरात जोरात वाजायची आणि गौरी दचकायची. पेनड्राइव्हवर एकच ध्वनिमुद्रण ठेवलं ते बरं झालं.

खरी मेहनत पुढे होती. गाईला आपल्यापेक्षा बरेच उंच स्वर ऐकू येतात, पस्तीस हजार हर्ट्झपर्यंत. पंपाची किरकिर तिला किती बोचत असेल! तो भिंतीपलीकडे हलवला, सैल पत्रा आवळला, लोखंडी बादल्यांखाली रबर टाकलं. स्पीकर तिच्या डोक्यापासून लांब लावला, आवाज आपण हळू बोललो तरी ऐकू येईल इतकाच. मग क्रम बांधला: आधी बासरी, मग गव्हाणीत आंबोण (भिजवलेला खुराक), मग पंप, मग कास धुणं, पहिल्या चार धारा हातानं आणि शेवटी कप. दोन्ही वेळेला तोच क्रम.

सासूबाई म्हणाल्या, "बाजा लाव, पण तिच्याशी बोलणं सोडू नकोस गं." त्यांचं शब्दशः पाळलं.

हळूहळू गौरी बासरी सुरू होताच गव्हाणीकडे वळू लागली. पाय आपटणं कमी झालं, धारेच्या वेळी शेण टाकणं जवळजवळ थांबलं आणि कास रिकामी होऊ लागली. जुन्या गायींच्या दुधात मला काही वाढ दिसली नाही, त्या आधीच शांत होत्या.

एकदा वीज गेली म्हणून बासरीविना हातानं धार काढली. गौरी थोडी चुळबुळली, पण सासूबाईंचा आवाज ऐकून पान्हावली. उलट नव्या गड्यानं बासरी चालू असताना तिच्यावर खेकसलं, त्या वेळी तिनं दूध चोरलं. तेव्हापासून गोठ्यात आवाज चढवायचा नाही, हा नियम सगळ्यांना आहे.

आता पुढची कालवड गाभण आहे. विण्याआधी महिनाभर तिला रोज त्याच जागी बांधून, बासरी आणि पंप दोन्ही चालू ठेवून आंबोण द्यायचं ठरवलंय.