दिवसभराची रपेट: गटानं घोड्यावरून जाताना

बारामती-इंदापूरकडच्या माळावर आम्ही थंडीत गटानं रपेट करतो. पाच-सहा घोडी, साधारण २० किलोमीटर. चालीनं घोडं तासाला ६ किलोमीटर जातं, म्हणजे खोगिरावर साडेतीन-चार तास. नवख्याला एवढं भरपूर झालं.

आदल्या संध्याकाळी मी चारही खूर कोरून साफ करतो. खुराच्या मधल्या मऊ भागात बाभळीचा काटा रुतलेला असतो, तो वरून दिसत नाही. नाल हलवून बघतो. नवी नाल मात्र रपेटीच्या चार-पाच दिवस आधीच ठोकून घ्यावी. खिळा वाकडा गेला असेल तर लंगडणं लगेच दिसतंच असं नाही. सकाळचा दाणा निघण्याआधी किमान दोन तास, नाहीतर पोटशुळाची भीती. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या भागाहून जास्त भार नको: ३५० किलोच्या घोड्यावर ७० किलो, तेही सामान धरून.

खरारा (ब्रशनं अंग घासणं) केल्यावर पाठीवरून हात फिरवा. नमद्याखाली, म्हणजे खोगिराखालच्या जाड घडीखाली, एक काटेरी सराटा राहिला तरी घोडं तासाभरात उसळू लागतं. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, एकदम आवळू नये. खोगीर चढताना बरीच घोडी पोट फुगवतात, म्हणून आधी सैल बांधायचा, दहा-बारा पावलं चालवून आवळायचा आणि निघाल्यावर दहा मिनिटांनी सगळ्यांनी थांबून पुन्हा तपासायचा. तंगाखाली दोन बोटं चपटी जावीत. सैल तंगानं खोगीर पोटाखाली फिरतं, घोडं बिथरतं आणि स्वार त्याच्या पायांत येतो.

मला सर्वांत जास्त भीती वाटते ती रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या कडीत, अडकलेल्या पायाची. सपाट तळव्याचा बूट रिकिबीतून आरपार सरकतो. पडलेला माणूस मग फरफटत जातो. म्हणून टाचेचा बूट आणि बुटापेक्षा अडीच सेंटिमीटर रुंद रिकीब, यात मी कुणाला सूट देत नाही. हेल्मेट घोडेस्वारीचंच, पट्टा बांधलेलं. मोबाइल खिशात ठेवा. खोगिराच्या पिशवीतला मोबाइल घोड्याबरोबर पळून जातो.

पुढे शांत, जाणतं घोडं, नवखे मध्ये, शेवटी अनुभवी स्वार. दुगाण्या झाडणाऱ्या घोड्याच्या शेपटीला लाल फीत बांधून ते त्या शेवटच्या स्वाराकडे द्यावं. आपल्या घोड्याच्या दोन कानांमधून पुढच्या घोड्याचे मागचे खूर दिसले पाहिजेत. ते दिसेनासे झाले की आपण लाथेच्या टप्प्यात आलो, आणि ती लाथ बहुधा स्वाराच्या नडगीवर बसते.

घोडं कळपाचं जनावर; मागं राहणं त्याला सहन होत नाही. पाण्याची चारी ओलांडून पहिला स्वार पुढे निघाला की मागची घोडी उड्या घेतात. म्हणून पुढच्यानं पंधरा-वीस पावलांवर थांबून शेवटचं घोडं येऊ द्यावं. हौदावरही तसंच: सगळ्यांचं पाणी होईपर्यंत कुणी हलायचं नाही. एखादं घोडं उधळलं तर बाकीच्यांनी जागीच उभं राहावं. पाठलाग केला तर त्याला ती शर्यतच वाटते.

गाळपाच्या हंगामात मोठ्यानं गाणी लावलेले उसाचे ट्रॅक्टर हमखास भेटतात. लांबून आवाज आला की रस्ता सोडून बांधाकडे व्हा, घोड्याचं तोंड ट्रॅक्टरकडे करा. नवख्यानं वेळीच, दोन्ही पाय रिकिबीतून काढून, उतरावं.

दुपारी तंग सैल करून घोडं म्होरकीनं, म्हणजे डोक्याभोवतीच्या दोरीनं, बांधा. लगामानं बांधलेलं घोडं दचकून मागं सरलं तर त्याची जीभ आणि जबडा फाटतो. जबड्याखाली नाडी मोजा. विश्रांतीत ती मिनिटाला २८ ते ४४ असते. अर्ध्या तासानंतरही ६४ च्या वर असेल, हिरड्या चिकट लागत असतील, घोडं वैरणीला तोंड लावत नसेल, तर त्याची रपेट तिथंच संपली. जनावरांच्या डॉक्टरांना फोन करा आणि खोगीर उतरवा.

शेवटचा किलोमीटर आम्ही उतरून चालतो. खोगीर काढल्यावर घामानं भिजलेल्या पाठीवर एखादा कोरडा डाग दिसला तर तिथं दाब पडलाय. सूज आली नसली तरी पुढच्या वेळी ते खोगीर त्या घोड्यावर चढवत नाही. पाणी आणि वैरण लगेच, दाणा मात्र तासाभरानं, अंग पूर्ण निवल्यावर.