दोन रात्री कशासाठी?

तळ्याकाठी सुट्टीला जायचा विषय निघाला की मला हमखास विचारतात, "शनिवारी सकाळी निघून रविवारी परतलं तर नाही का चालणार? दोन रात्री तिथं करायचं काय?" प्रश्न रास्त आहे. जंगलातल्या तळ्यापाशी बघण्यासारखं म्हणून जे असतं, ते तासाभरात बघून होतं. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, मी एका रात्रीसाठी आता जातच नाही. पूर्वी जायचे आणि सोमवारी आणखी दमलेली असायचे.

असं का व्हायचं ते बरंच उशिरा कळलं. नव्या जागी पहिल्या रात्री धड झोप लागत नाही, हा अनुभव सगळ्यांचाच. २०१६ मध्ये ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यामागचं एक कारण दाखवून दिलं. अनोळखी जागी पहिल्या वेळी गाढ झोप लागली तरी मेंदूच्या डाव्या अर्धगोलाचा काही भाग उजव्यापेक्षा सावध राहतो आणि बारीकशा आवाजालाही चटकन दाद देतो. थोडक्यात, अर्धं घर झोपतं आणि अर्धं पहाऱ्यावर बसतं. त्याच माणसांना त्याच जागी पुन्हा झोपवलं, तेव्हा हा फरक उरला नव्हता.

आता जंगलातली पहिली रात्र आठवा. कुठंतरी फांदी मोडते, बेडूक मधेच गप्प होतात, पाण्यात काहीतरी डुबकन पडतं. पहाऱ्यावरच्याला कामच काम. एकच रात्र राहणारा माणूस नेमकी ही रात्र पदरात घेऊन घरी जातो.

म्हणून माझा शनिवार अगदी मोकळा असतो. काठावरची एक जागा ठरवायची आणि दिवसातून तीन-चार वेळा तिथंच येऊन बसायचं, एवढाच बेत. शक्यतो तळ्याच्या पश्चिम काठावर, म्हणजे सकाळचं ऊन समोरून, पाण्यावरून येतं. जागा बदलायची नाही यावर मी हटून बसते, कारण जागा तीच राहिली तरच तळं किती बदलतं ते दिसतं. उन्हं चढली की वारा पाण्याकडून जंगलाकडे वाहायला लागतो, कारण जमीन लवकर तापते. रात्री जमीन आधी निवते आणि वारा उलट फिरतो. सकाळी समोरून आलेला गारवा रात्री पाठीमागून, ओल्या पानांचा वास घेऊन येतो.

गेल्या खेपेला दुपारभर मी वीतभर खोल पाण्याकडे बघत होते. पाण्यावर चालणारे ते लांब पायांचे किडे तुम्ही पाहिले असतील. पाय पाण्यात बुडत नाहीत, पाण्याचा पृष्ठभाग तणावलेल्या पडद्यासारखा तेवढ्यापुरता खाली दबतो. ऊन असलं की या दबलेल्या जागांच्या सावल्या तळाच्या वाळूवर पडतात. पाय केसासारखे, पण त्यांच्या सावल्या गोल, काळ्याभोर, कडेला उजेडाची बारीक किनार असलेल्या. किडा सरकला की खाली ठिपके सरकतात. किती वेळ गेला कळलं नाही. रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ जोडप्यानं म्हटलं आहे की लक्ष एकवटून काम करायची शक्ती वापरून थकते आणि मन अलगद गुंतेल अशा गोष्टींपाशी ती भरून येते. लाटा, ढग, हलणारी पानं. ती आपल्याकडून काही मागत नाहीत. मला हे अक्षरशः पटतं.

संध्याकाळी बोलणं हळू करा, एवढं मात्र सांगेन. वारा पडला आणि पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार झाली की वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो. पलीकडच्या काठावर कुणीतरी नाव बांधत होतं. माणसं मुंगीएवढी दिसत होती, पण "दोर सोड, दोर" हे शब्द शेजारी बोलल्यासारखे स्वच्छ ऐकू आले. आपलाही आवाज तसाच पलीकडे जात असतो, माणसांना आणि जनावरांनाही.

साबणाचंही तसंच. 'निसर्गस्नेही' लिहिलेला असला तरी तो तळ्यात नको. भांडी, अंघोळ जे काय असेल ते पाण्यापासून निदान ६० मीटर, म्हणजे ऐंशीएक पावलं दूर, आणि ते पाणी मातीत मुरू द्यायचं. इतक्या साध्या गोष्टीत लोक कंटाळा करतात, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

अंधार पडला की फोन आत ठेवा. डोळे अंधाराला पुरते सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि पडद्याचा एक झोत ती कमाई घालवतो. तेवढा वेळ दिलात आणि पाणी निवांत असलं तर चांदण्या खालीही दिसतात.

मग दुसरी रात्र. पहारेकरी झोपतो. बेडूक तेच असतात, पण आता ते ओळखीचे झालेले असतात. पहाटे आपोआप जाग येते आणि तुम्ही ठरलेल्या जागी जाऊन बसता. रात्र निरभ्र आणि बिनवाऱ्याची गेली असेल, तर गार हवेखाली पाणी अजून कोमट असतं. त्याची वाफ वर येताच थिजते, आणि धुकं पाण्यावर पसरलेलं नसून पाण्यातून धाग्याधाग्यानं उगवताना दिसतं. ऊन लागलं की ते धागे हलायला लागतात आणि तासाभरात विरतात. तेवढा तास रविवारी हाताशी ठेवा, सामान नंतर बांधा. शुक्रवारी पोहोचायला कितीही उशीर झाला तरी चालेल, ती रात्र तशीही कच्चीच जाणार आहे.